तक्रार क्रमांक ४१७

तळमजल्यावर, जिन्याखाली आमचा संगणक कक्ष.
पाटीवरचा 'सं' गळून पडला आहे,
तेव्हापासून नुसता गणक कक्ष.
आणि लोक येतातही तसेच,
पत्रिका धरावी तसा लॅपटॉप छातीशी धरून:
"पाहा बरं निनावे, काय दोष निघते."

एप्रिल. कुलरचं पाणी दोनलाच संपतं.
भूगोलाचे हेडाऊ सर पासवर्ड वहीत लिहितात,
वही घरी असते, घर मानेवाड्याला.
अर्थशास्त्राच्या मॅडमनी मागच्या वर्षीचा अख्खा कोर्स
यंदाच्यावर ओतला;
आता प्रत्येक धडा दोनदा,
आणि तेव्हा नापास झालेली पोरं
यादीत पुन्हा हजर.
कुणी मुदत बाराची टाकली,
ते बारा दुपारचे निघाले.
"काहून असं करते हे?"
नव्या जावयाबद्दल विचारावं तसं, आवाज उतरवून.
मी म्हणतो, सर, वर उजवीकडे.
नाही, तुमचं उजवं.

वनस्पतिशास्त्राच्या कुमुदिनी उरकुडे
कधीच आल्या नाहीत.
प्रशिक्षणाला त्या पहिल्या रांगेत होत्या,
पडद्यावरचं सगळं पेनाने उतरवत, बाण काढकाढून.
त्यांची तक्रार आली ती नीट टंकलेली:
"विद्यार्थी वाचत नाहीत.
हे आपल्या कक्षाच्या अखत्यारीत येत नाही
याची कल्पना आहे. तरी नोंद व्हावी."

मी कोर्स उघडला. चौदा आठवडे.
अंबाझरीच्या काठावरून वेचलेली पानं,
स्वतः स्कॅन केलेली, देठाशी पेन्सिलीने तारीख.
पळसाच्या फुलाचा उभा छेद,
त्याखाली: "घाई नको. आधी नुसतं बघा."
आठव्या आठवड्यात आवाज जरा चढलेला:
"एका चित्रात मी मुद्दाम चूक ठेवली आहे.
कुणीतरी दाखवा."
बाराव्यात मजकूर नाही. फक्त चित्रं.

आणि कोर्सच्या नावाशेजारी तो इवला डोळा,
त्यावर तिरपी रेघ.
डिसेंबरपासून मिटलेला.

वर्गात त्या विचारायच्या, "वाचलं का?"
पोरांना वाटायचं, पुस्तक.
बासष्ट माना खाली.
मॅडम जुन्या, ऑनलाइन काही टाकत नाहीत,
हे मला त्यांच्यातल्याच एकाने
तर्री-पोह्याच्या ठेल्यावर सांगितलं होतं.
मी हसलोही होतो.

मग आठवलं.
डोळ्याची स्लाइड शेवटची होती.
त्या दिवशी चहा आला, सगळे उठले,
आणि मी प्रोजेक्टर बंद केला.
त्यांच्या वहीत त्या जागी
कोरं पान असेल.

क्लिक एकच लागतं.
माऊसवर हात ठेवून मी किती वेळ बसलो कोण जाणे,
कुलर कोरडाच फिरत होता.
उघडला.
उत्तरात लिहिलं:
"सर्व्हरमध्ये तांत्रिक अडचण होती. दूर केली आहे.
गैरसोयीबद्दल दिलगीर."
सर्व्हर बिचारा. सोसतो सगळं.

रात्री गच्चीवर गादी टाकून
मोबाईलवर नोंदी पाहत पडलो.
अकरा चाळीस, एक जण.
अकरा पंचेचाळीस, सात.
मग मोजणं सोडलं.
साडेबाराला कुणी प्रांजली ठवरे,
आठव्या आठवड्याखाली:
"मॅडम, पळसाला पुंकेसर दहा ना?
तुमच्या चित्रात नऊच आहेत.
जो एकटा सुटा असतो
तो राहिला."

सकाळी ४१७ वर दोन ओळी होत्या:
"तक्रार बंद करावी.
सर्व्हरला माझा नमस्कार सांगावा."

मी त्या पुन्हा वाचत होतो
तेवढ्यात हेडाऊ सर दारात.
वही आणली म्हणाले, ही पाहा.
लॅपटॉप मात्र
घरी राहिला.